एकवीस दिवस दानीएलाला काहीच कळलं नव्हतं

आमची मंगळवारची प्रार्थना कळव्यात माझ्या घरी असते, रात्री साडेआठला. साडेआठ आपलं म्हणायचं. सुरू होते नऊला, कारण निम्म्या जणी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांतून सुटून येतात आणि विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा अडकली की अर्धा तास गेलाच. सहा-सात बायका, एक रिटायर्ड पाळकसाहेब आणि पातेलंभर चहा, एवढाच आमचा संसार.

पावसाळ्याआधीच्या एका मंगळवारी सगळ्या निघून गेल्यावर एक मुलगी मागे राहिली. चोविशीची, महापेला कामाला जाते. कप विसळता विसळता म्हणाली, "मावशी, मी आता सोडू का?" मला वाटलं, नोकरीचं बोलतेय. "नाही हो, बाबांसाठी प्रार्थना करायचं."

दोन वर्षं झाली होती. बाबा रोज पितात. दुसऱ्या एका संगतीत कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुमच्या घरावर दुष्ट आत्म्याचं बंधन आहे, म्हणून उत्तर अडलंय. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्यासारखा एकवीस दिवसांचा उपास धर, व्यसनाच्या आत्म्याचं नाव घेऊन त्याला बांध, बाविसाव्या दिवशी बघ. तिने धरला. बाविसाव्या दिवशी बाबा जिन्यात आडवे सापडले. "म्हणजे माझाच विश्वास कमी पडला ना?" नळ चालूच होता, मी तो बंद केला.

त्या रात्री मी तिला जे सांगितलं ते तुटक होतं. तिला शेवटची रिक्षा गाठायची होती. म्हणून आता नीट लिहितेय. मी ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. पण ज्या अध्यायावरून त्या पोरीला एकवीस दिवस उपाशी ठेवलं, तो अध्याय मी पुष्कळदा वाचलाय, आणि त्यात तसं काही म्हटलेलंच नाही.

दानीएल, अध्याय दहावा. पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश याचं तिसरं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५३६ च्या आसपास. पोरवयात यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेला दानीएल आता ऐंशीच्या घरातला म्हातारा आहे. त्याच्या लोकांना मायदेशी जायची परवानगी मिळाली, पण तिकडे मंदिराचं काम शेजाऱ्यांनी अडवून धरलंय, असं एज्राच्या पुस्तकात दिसतं. दानीएल तीन आठवडे शोक करतो. चवीचं अन्न नाही, मांस नाही, द्राक्षारस नाही, अंगाला तेल नाही. म्हणजे अगदी निर्जळी नव्हे, साधं काहीतरी पोटात जात असणार. महिना पहिला, तेव्हा वल्हांडण हा यहुद्यांचा मोठा सणही त्याच दिवसांत येऊन गेला असणार, आणि सणाच्या दिवशीही याच्या ताटात तेच. चोविसाव्या दिवशी हिद्देकेल नदीच्या काठी, म्हणजे आपण भूगोलात तैग्रिस म्हणतो तिथे, त्याला एक तेजस्वी पुरुष दिसतो. तो जे सांगतो त्याचा मतितार्थ असा: तू नम्र होऊन समजून घ्यायचं मनावर घेतलंस त्या पहिल्याच दिवशी तुझे शब्द ऐकले गेले. मी तुझ्या शब्दांमुळेच आलोय. पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला एकवीस दिवस अडवलं, मग मुख्य अधिपतींपैकी एक, मीखाएल देवदूत, माझ्या मदतीला आला.

हा "पारसाचा अधिपती" कोण? काही भाष्यकार म्हणतात, माणूसच, राजघराण्यातला. बहुतेक जण म्हणतात, राज्यामागे उभी असलेली अदृश्य सत्ता. पुढे लगेच ग्रीसच्या अधिपतीचाही उल्लेख येतो आणि सामना देवदूतांशी आहे, त्यामुळे मला दुसरंच पटतं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की हे सगळं दानीएलाला कळतं ते लढाई होऊन गेल्यावर. एकवीस दिवस त्याला काहीही माहीत नव्हतं. कसला अधिपती, कसला मीखाएल! त्याच्या बाजूने बघाल तर तीन आठवडे नुसती कोरडी भाकर आणि वरून शब्द नाही.

आणि ती एकवीस दिवसांची मुदत त्याने धरलेली नव्हती. देवदूत अडला तितके दिवस ते झाले, एवढंच. तेरा दिवस अडला असता तर आज आपल्याकडे तेरा दिवसांचे उपास निघाले असते. जो आकडा उशिराचा होता त्याचं आपण औषधाच्या चिठ्ठीवरचं प्रमाण करून टाकलं.

तिसरी गोष्ट त्या पोरीला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटली. दानीएल त्या अधिपतीशी एक शब्दही बोलला नाही. त्याला बांधलं नाही, हाकललं नाही, त्याचं नाव शोधत बसला नाही. तो देवाशी बोलत होता. लढणारे दुसरे होते. त्याचं काम एवढंच की पहिल्या दिवशी जे मांडलं ते विसाव्या दिवशीही मांडत राहायचं.

रात्रपाळीत हे फार ओळखीचं वाटतं. छातीत कफ साचलेला पेशंट, न्यूमोनियाचा. दर आठ तासांनी शिरेतून अँटिबायोटिक. पहिल्या रात्री ताप १०२, दुसऱ्या रात्रीही १०२. नातेवाईक दाराशी येऊन उभे राहतात. "सिस्टर, काहीच फरक नाही, औषध बदला ना." खाटेपाशी कितीही वेळ उभं राहिलं तरी आतलं काही दिसत नाही. रक्तात काय चाललंय, कोण पुढे सरकतंय, कोण मागे हटतंय, ते चादरीवरून कळत नाही. मी चार्टवर लिहायची: वेळ अमुक, ताप १०२, फरक नाही, डोस दिला. आमच्या मेट्रनबाई या बाबतीत कडक होत्या. फरक नसला तरी नोंद हवी. रिकामा रकाना दिसला की सकाळी हजेरी. हा दाखला फार ताणू नका, प्रार्थना म्हणजे डोस नव्हे आणि देव म्हणजे बॅक्टेरिया मोजणारी लॅब नव्हे. पण "फरक नाही" आणि "काही होत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे मी तिथे शिकले.

लढाई, पण कुणाशी?

आत्मिक लढाई म्हटलं की आमच्याकडे दोन टोकं दिसतात. एका घरात दूध उतू गेलं तरी सैतान, वाय-फाय गेलं तरी सैतान. दुसऱ्या घरात सैतानाचं नाव काढलं की लोक खजील होतात, जुन्या काळातली गोष्ट म्हणून खाली बघतात. येशूचा प्रेषित पौल यातल्या कुठल्याच घरात बसत नाही. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो लिहितो, "आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही." हे तो साखळीत अडकलेला असताना लिहितोय. साखळीचं दुसरं टोक कुठल्यातरी रक्तामांसाच्या शिपायाच्या हाती असणार. तरी म्हणतो, शत्रू हा नव्हे.

हे वाक्य आपण घाईत ओलांडतो. त्याचा सरळ अर्थ असा की नवरा शत्रू नाही, सासू नाही, दुसऱ्या धर्माचा शेजारी नाही, सोसायटीचा सेक्रेटरी नाही, आणि त्या पोरीचे पिणारे बाबाही नाहीत. ज्या प्रार्थनेतून उठल्यावर एखाद्या माणसाचा राग आणखी चढलेला असतो, तिथे लढाई चुकीच्या दाराशी गेली म्हणायची.

मग सैतान म्हणजे देवाच्या तोलाचा कुणी प्रतिस्पर्धी का? नाही. पवित्र शास्त्रात तो निर्माण केलेला जीव आहे. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात त्याला हात लावायलाही परवानगी मागावी लागते. त्याची जोडी लावायचीच तर मीखाएलाशी लावा, देवाशी नव्हे. आणि कलस्सैकरांस पत्र म्हणतं की क्रुसावर ख्रिस्ताने या सत्तांना निःशस्त्र केलंय. इथे हमखास प्रश्न येतो: हरलाय तर अजून त्रास का देतो?

ठाण्यातल्या माणसाला हे समजावायला फार वेळ लागत नाही. जुन्या चाळीतल्या खोलीची केस घ्या. निकाल लागला, हुकूमनामा हातात आला, मालकी कुणाची यात आता वाद नाही. पण आतला माणूस खोली सोडत नाही. ताबा मिळायचाय. निकाल आणि ताबा यांच्या मधला काळ किती त्रासाचा असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. आतला माणूस त्या काळात जास्तच आरडाओरड करतो, पाणी तोडतो, दाराला दुसरं कुलूप घालतो. त्याच्या बाजूने कायदा उरलेला नाही म्हणून. आपण त्या मधल्या काळात राहतोय.

या काळात काय करायचं तर पौल एकच क्रियापद पुन्हा पुन्हा वापरतो: उभे राहा. टिकाव धरा. त्या चार-पाच ओळींत "चाल करून जा" असं कुठेही नाही. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पायताणं, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार म्हणजे देवाचं वचन. आणि विश्वासाची ढाल. ढालीसाठी मूळ ग्रीक शब्द "दार" या शब्दावरून आलाय. रोमी शिपायाची ती मोठी, दारासारखी उभी ढाल. मागे अख्खा माणूस मावतो. अशा ढाली शेजारी शेजारी लावल्या की भिंत होते. पौलाच्या आज्ञाही सगळ्या अनेकवचनी आहेत, "तू" नाही, "तुम्ही". एकट्या पोरीने रात्री खोलीचं दार लावून लढायची ही लढाई नव्हेच. आणि या सगळ्या यादीचा शेवट कशाने होतो? सर्व प्रसंगी प्रार्थना करा, जागृत राहा, चिकाटीने.

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले एक काका आमच्या वॉर्डात बरेच दिवस होते. ते खाडीचं सांगायचे. ओहोटी लागली की होडी जागच्या जागी ठेवायलाही वल्हं मारावं लागतं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस तासभर वल्हवतोय आणि एक हातही पुढे गेला नाही, वेडा आहे का. वल्हं थांबवलं तर कुठे जाईल ते काठावरच्याला दिसत नाही. "उभे राहा" हा शब्द आला की मला ते काका आठवतात.

पाच वाजताचं पाणी

आता खरी अडचण. अदृश्य लढाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आग, किंकाळ्या, अंगात येणं असलं काहीतरी येतं. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा कंटाळ्याच्या रूपात येते.

आमच्या बिल्डिंगला पाणी पहाटे पाच ते पावणेसहा. मी साडेचारला उठते, पावणेपाचला खुर्चीत बसते. पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग कान टाकीकडे लागतात. पाइपात हवा फुसफुसली की पाणी यायला दहा मिनिटं. ड्रमचं झाकण काल नीट लावलं होतं का? लेकीचा मेसेज आलाय का बघावा का, फक्त बघावा? कालच्या कोळंबीला वास तर नसेल आला? फ्रीज उघडून बघितला तर अर्धं मिनिट. हे सगळं "आमच्या स्वर्गातील पित्या" आणि "आमेन" यांच्या मधे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रिअस नावाचा एक संन्यासी राहत होता. ३९९ साली वारला. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली. त्यातल्या एकाचं वर्णन वाचून मी हसले होते. हा दुष्ट आत्मा भर दुपारी येतो, म्हणे. सूर्य हलतच नाही असं वाटायला लावतो. साधू सारखा खिडकीतून बघतो की जेवणाची वेळ व्हायला किती उरलंय. मग कुणी भेटायला येतंय का म्हणून डोकावतो. मग ही जागाच वाईट, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. मग घरची माणसं आठवतात. मग म्हातारपण किती लांब आहे ते दिसतं. आणि शेवटी तो उठून निघून जातो. तेवढंच हवं असतं. सोळाशे वर्षं झाली, खिडकीच्या जागी मोबाइल आला, बाकी सगळं तसंच.

म्हणून माझं मत असं झालंय की शत्रूला आपण पाप करावं यापेक्षाही आपण उठून जावं हे जास्त हवं असतं. भीती दाखवायची गरजच काय, ड्रमचं झाकण पुरतं.

आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे संतांची नावं आमच्याकडे फारशी निघत नाहीत. पण चांगला नियम कुणाचाही घ्यावा. इग्नेशिअस लोयोला (१४९१ ते १५५६) मूळचा शिपाईगडी, पायाला तोफगोळा लागून खाटेवर पडला आणि तिथून वळला. त्याचे दोन नियम मी त्या मुलीला कागदावर लिहून दिले. पहिला: मन सुकलेलं असताना, अंधारलेलं असताना, आधी केलेला निश्चय बदलू नका. बदलायचा तर उजेड असताना बदला. दुसरा अगदी शिपायाला शोभेल असा: ठरलेल्या वेळेआधी उठावंसं वाटलं तर ठरल्यापेक्षा थोडं जास्त बसा. मी घड्याळ लावून हे करून बघितलंय. तीन मिनिटं जास्त. त्या तीन मिनिटांत काहीही थोर घडत नाही. पाणी येतं, मी मग उठते आणि भरते. पण पुढच्या पहाटेची कुरकुर जरा कमी असते.

येशूच्या शिष्यांचंही वेगळं काय झालं? गेथशेमाने बाग. "जागृत राहा आणि प्रार्थना करा" म्हणून सांगून तो थोडा पुढे गेला आणि परत आला तेव्हा तिघेही झोपलेले. तीनदा तेच. रात्रपाळी केलेल्या कुणालाही त्या तिघांचा राग येत नाही. तीन ते चारची वेळ फार वाईट असते, खुर्चीत टेकलं की गेलं. येशूही रागावून काढून टाकत नाही. आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे, म्हणतो. आणि त्याच रात्री त्याने स्वतः तीनदा प्रार्थना केली ती त्याच शब्दांत, असं मत्तय मुद्दाम नोंदवतो. म्हणजे रोज नवीन शब्द सुचत नाहीत म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये. व्यर्थ बडबड करू नका असं तोच म्हणाला होता, खरं. पण ती बडबड म्हणजे शब्दांच्या संख्येने देव वळेल हा समज. बापाला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे बडबड नव्हे.

कोर्टनाक्यावरची विधवा

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली, येशूच्या गोष्टीतली विधवा मला नेहमी ठाण्याच्या कोर्टनाक्यावर दिसते. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पायात रबरी चपला, दर तारखेला हजर. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांना जुमानत नाही. पण शेवटी कंटाळून म्हणतो, हिला न्याय देऊन टाकतो, नाहीतर ही येऊन येऊन माझा जीव घेईल. मूळ ग्रीक शब्द त्याहून मजेशीर आहे. तो मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारणं असा. त्या जज्जाला बहुतेक काळा-निळा डोळा दिसायला लागला होता.

ही गोष्ट उलटी समजली की फार नुकसान होतं. देव त्या जज्जासारखा आहे, त्याला छळलं की तो देतो, असं येशू म्हणत नाही. असला जज्जसुद्धा देतो, तर तुमचा पिता किती जास्त, असं तो म्हणतो. मग थांबायला का लागतं? त्या मुलीनेही हेच विचारलं. याचं पूर्ण उत्तर शास्त्र देत नाही, आणि जे कोणी छातीठोकपणे देतात त्यांच्यापासून मी जरा लांब राहते. दानीएलाच्या बाबतीत पडद्यामागचं एक दृश्य दाखवलं. सगळं गमावलेल्या ईयोबाला तर शेवटपर्यंत तेही दाखवलं नाही.

पौलाचं उदाहरण आणखी अवघड. देहातला काटा. त्याला तो "सैतानाचा दूत" म्हणतो. तीनदा विनंती केली की हा जावा. काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर आलं. इथेही बघा, पौल सैतानाच्या दूताशी बोलत बसत नाही, प्रभूशी बोलतो. यहूदाच्या पत्रात तर मीखाएल स्वतः, इतका मोठा देवदूत, सैतानाला आपल्या जोरावर दटावत नाही, "प्रभू तुला दटावो" एवढ्यावर थांबतो. मग आपण कोण, जे माइकवर दोन-दोन तास त्याच्याशी भांडतो? याकोब म्हणतो की सैतानाला अडवा, तो पळेल. बरोबर. पण त्याच वचनात त्याच्या आधी देवाच्या अधीन व्हा असं आहे, ते माइकवर फारसं ऐकू येत नाही.

आता एक नर्स म्हणून. रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली, की पहिल्या काही तासांत हात कापायला लागतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, वेळ-काळ कळेनासा होतो, घाम, ताप, झटके. घरच्यांना वाटतं, अंगात काहीतरी शिरलंय. मी असे पेशंट दोन दिवस प्रार्थनेत फिरवून मग आमच्याकडे आणलेले पाहिलेत. सगळे वाचले नाहीत. हा आजार आहे, जीव घेऊ शकतो, आणि त्याला औषध आहे. तेव्हा गाडी करायची ती थेट हॉस्पिटलकडे, प्रार्थना गाडीत बसून. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात लोकांनी येशूकडे आणलेल्यांत आजारी वेगळे, भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे मोजलेत. शास्त्राला तो फरक माहीत होता. आणि लूक स्वतः वैद्य होता. मुलीला मी हेही सांगितलं की बाबांनी कधी एका दिवसात सोडतो म्हटलं तर आनंदाने रडत बसू नकोस, आधी डॉक्टरला फोन कर.

एक गोष्ट ठाण्याचीच. १३२१ साली इथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाचे चार साधू मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. निघाले होते चीनकडे. हे चौघं थोडेफार तरी लोकांना माहीत आहेत. मला कुतूहल आहे ते पाचव्याचं. जॉर्डनस नावाचा, डोमिनिकन या दुसऱ्या पंथाचा साधू त्यांच्याबरोबर आला होता, त्या दिवसांत गुजरातच्या वाटेला गेला होता म्हणून वाचला. परत येऊन त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. आणि मग तो या किनाऱ्यावर राहिला, एकटा. त्याची पत्रं शिल्लक आहेत. त्यांत एकटेपण आहे, छळ आहे, आणि कुणीतरी या हो, अशी विनवणी आहे. चौघांची लढाई काही दिवसांत संपली. याची रोज सकाळी नव्याने सुरू होत असणार, भाषा न कळणाऱ्या मुलखात, आमेन म्हणायला दुसरा माणूस नाही अशी. १३२९ साली त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. मधली आठ वर्षं कशी काढली असतील, याचा विचार मी कधीकधी मासुंदा तलावापाशी बसची वाट बघताना करते.

आमेन म्हणायला दुसरा माणूस, हे मात्र मी फार मोठं समजते. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाची शत्रू अमालेकाशी लढाई चालू असताना त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात वर तोवर इस्राएल वरचढ, हात खाली आले की अमालेक. करून बघा, दहा मिनिटं दोन्ही हात वर धरून. खांद्यात आग होते. मोशे म्हातारा. मग अहरोन आणि हूर काय करतात? त्याला विश्वास वाढवायचा उपदेश करत नाहीत. एक धोंडा आणून त्याला खाली बसवतात आणि दोन बाजूंनी हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. एवढी साधी मदत. म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, तुला सोडायचंय ना, सोड. दोन आठवडे बाबांचं नाव तू घेऊ नकोस, आम्ही घेतो. तू नुसती येऊन बस.

ती आली. पहिल्या मंगळवारी झोपलीच, सोफ्याच्या कोपऱ्यात, पाळकसाहेबांची प्रार्थना जरा लांबते त्यामुळे. कुणी उठवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच बाबांसाठी बोलली, दोन वाक्यं.

मी तिला एक शंभर पानी वही दिलीय, आमच्या चार्टसारखी आखून: तारीख, काय मागितलं, स्थिती. परवा चहा ठेवायला उठले तेव्हा ती उघडी पडली होती. वाचू नये, पण वाचली. सगळ्या रकान्यांत "फरक नाही", "फरक नाही". एका मंगळवारपुढे पेन्सिलीने जास्तीचं लिहिलं होतं: "फरक नाही. बाबांनी विचारलं, दर मंगळवारी कुठे जातेस. सांगितलं. काही बोलले नाहीत."

खाली पुढच्या मंगळवारची तारीख आधीच घालून ठेवली होती.